धुरपदेच्या भिंती

फार फार वर्षांपूर्वी, आपलं गाव अजून खाली नदीकाठी होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका श्रावणात नदी गावात शिरली आणि घरं घेऊन गेली. माणसं वाचली ती धुरपदा कुंभारणीमुळे. तिच्या गाढवांनी म्हातारीकोतारी, पोरंबाळं, धान्याची पोती, सारं या माळावर चढवलं. तिच्याकडे गाढवं होती चारच, पण त्या दिवशी मोजायला गेलं की चाळीस भरायची, असं म्हणतात.

माळ वरच्या गावच्या पाटलांचा. त्यांनी दिवाळीपर्यंत राहू दिलं. लोकांनी मातीच्या भिंती उभ्या केल्या, पण लिंपल्या नाहीत. जायचंच आहे तर लिंपायचं कशाला, असं म्हणून जो तो गुडघ्यात मान घालून बसायचा.

धुरपदेला ते बघवेना. तिनं आपली भिंत लिंपली आणि रस्त्याच्या बाजूला गेरूनं भलंमोठं गाढव काढलं. शेजारची म्हातारी म्हणाली, निदान मोर तरी काढायचास.

"मोर छान नाचतो, आत्ती," धुरपदा म्हणाली, "पण तुम्हाला वर कुणी आणलं?"

म्हातारी हसली. पुरानंतर माळावर कुणी हसलं, ते पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची भिंत लिंपली आणि पुरात गेलेली आपली कपिला गाय तिच्यावर काढून मागितली. मग कुणी कोंबडा मागितला, कुणी पूर आल्याचं भुंकून सांगणारा कुत्रा. गल्ली जनावरांनी भरून गेली. परतीचा पाऊस भिंतींना झोडपून गेला, पण गेरू उतरला नाही, असं म्हणतात.

दिवाळी सरली. पाटील घोड्यावर बसून माळ रिकामा करून घ्यायला आले. एका भिंतीवर धुरपदेनं घोडी काढली होती. तिच्यासमोर पाटलांचा घोडा थबकला. लगाम ओढला, हरभरा दाखवला, तरी हलेना. भिंतीवरची घोडी खिंकाळली, असं म्हणतात. ऊन चढलं. धुरपदेनं पाटलांना ओट्यावर बसवून भाकरी-ताक दिलं. दुपार कलली तरी घोडा तिथंच. अखेर पाटलांनाच हसू फुटलं.

"धुरपदे, माझा घोडाच राहतो म्हणतोय," ते म्हणाले, "मग तुम्हाला कुठल्या तोंडानं घालवू? राहा."

आजही गावात नवं माणूस राहायला आलं, मग ती सून असो की नर्सबाई, की धुरपदेच्या नावानं गेरू कालवतात आणि त्या माणसानं आपल्या आवडीचं जनावर गल्लीच्या भिंतीवर काढायचं असतं. चित्र कसंही जमो, कुणी पुसत नाही. गेल्या वर्षी आलेल्या मास्तरांचा उंट सगळ्यांना बकरीसारखा दिसतो. पण मास्तर उंट म्हणतात, म्हणून सारं गाव त्याला उंटच म्हणतं.