मठातला माइक

“...मग बुवा, दोष नेमका कशात आहे? यंत्रात, की माणसांत?”

निशिकांतने मठातल्या भवानपुरी बुवांना विचारले. ते आपल्या बकरीला बाभळीचा पाला चारत होते.

निशिकांत अस्वस्थ झाला. शहरातल्या संस्थेने गावाच्या रेडिओसाठी दिलेला माइक आणि ट्रान्समीटर त्यानेच मठाच्या ओसरीवर बसवला होता. गावातल्याच गुंफाबाईला निवेदनाचे शिक्षणही त्यानेच दिले होते. सकाळपासून तिची घोषणा घरोघर वाजत होती. अंगणात पशुवैद्य लस घेऊन बसले होते, पेटीतला बर्फ वितळत होता आणि गावातली एकही बकरी आली नव्हती. लस वाया गेली, तर गेल्या वर्षीसारखे रोगाने पुन्हा गोठे रिकामे होणार होते.

“बाई, पुन्हा एकदा म्हणा.”

गुंफाबाईने पदर सावरला, मान ताठ केली. “श्रोतेहो, समस्त पशुपालकांस सूचित करण्यात येते की...”

“उत्तम! एकही उच्चार चुकला नाही.”

“थे खरं हाय, सर. पन माही जाऊ म्हनते, हे सरकार बोलून राह्यलं. म्हंजे डाक्टर फुडच्या महिन्यात येईन.”

“ऐकलंत, बुवा? अगदी सरकारसारखा आवाज!” निशिकांतचा चेहरा उजळला. मग हळूहळू पडला. “पण मग... बकऱ्या?”

“तुह्यं गाव कोन्तं गा?” बुवांनी विचारले.

“अकोल्याकडचं. पण ती बोली मी केव्हाच सोडली.”

“सोडली...”

बुवांनी मान डोलावली. बकरीचे दावे सोडले आणि आत जाता जाता माइकचे बटण दाबले.

बकरी सरळ माइकपाशी गेली. त्याच्यावरचा काळा स्पंज तिने दातांनी ओढला, गिळू लागली आणि तो घशात अडकला. तिचे डोळे पांढरे झाले.

“अवं माय! धावा गा, धावा! बकरी चालली गा हातची!”

हा आवाज आपला आहे, हे निशिकांतला जरा उशिराच कळले. तोवर तो गावातल्या प्रत्येक चुलीपाशी पोहोचला होता.

पशुवैद्यांनी बकरीच्या तोंडात बोटे घालून स्पंज उपसून काढला. तेवढ्यात फाटकाशी धूळ उठली. कुणाच्या कडेवर करडू, कुणाच्या हाती दावे. एकीच्या हाताला तर अजून ओले पीठ होते.

“कोनाची गेली वं?” एक म्हातारी दोन बकऱ्या फरफटत ओरडली. “डाक्टर, माह्या बकऱ्यांले आधी सुई द्या!”

अंगण भरले. बर्फ पुरला.

गर्दी ओसरल्यावर निशिकांतने तो चघळलेला स्पंज चिमटीत उचलला आणि बुवांपुढे मान खाली घालून उभा राहिला.

“बुवा, गुंफाबाईंना मी आता काय शिकवू?”

बुवांनी बकरीला पाल्याची नवी डहाळी दिली...

“शिकवू नोको. तिच्या घशातला स्पंज तेवढा काढ.”