तळ्याचं भाग्य

विसाजीराजांना नौकाविहाराचं भारी वेड. नावेत पडद्याआड शौचपात्र असे आणि ते खुशाल तळ्यात रिकामं होई. अख्खं गाव तेच पाणी पिई. एकदा नावेतच दिवाणांनी भीत भीत विनवलं, "महाराज, पात्र काठावर नेऊन खड्ड्यात रिकामं करायचा नियम करावा."

राजे गरजले, "आमचं आहे ते! तळ्याचं भाग्यच उजळलं म्हणा!"

राजांच्या आत्याबाई मनातून संतापल्या, पण पात्र उचलणाऱ्या सेवकाला गोड आवाजात म्हणाल्या, "थांब रे. एवढं भाग्य माशांना कशाला? दरबारात ने. महाराज स्वहस्ते मानकऱ्यांना वाटतील."

नावेतल्या मानकऱ्यांनी झटकन नाकाला उपरणी लावली. राजे ओशाळून पुटपुटले, "आत्याबाई, खड्डा किती खोल खणायचा?"