मुकी पट्टी

"पान सापडलं की सांग, बाळ... असं म्हणाले बुवा. भरल्या सभामंडपात, माईकवरून. तुम्हीच सांगा चाचा, माझं चुकलं कुठे?"

दस्तगीर मिस्त्रींनी मान वर केली नाही. हातातली पितळेची बारीक रीड त्यांनी नखाने छेडली, कानाशी नेली, पुन्हा तिच्यावर कानस फिरवली. पेटीच्या पोटात, पट्ट्यांखाली, भात्याच्या हवेने बोलणाऱ्या असल्या कितीतरी रीड असतात. त्या सुरात आणणं हा चाचांचा धंदा.

रेवती सोहोनी दारात तशीच उभी राहिली. पायाशी वडिलांची पेटी, काखेत वही.

"कुठला अभंग होता?"

"ठरलेला सोडून भलताच. आणि बुवांचा घसा बसलेला, म्हणून पट्टीही भलतीच."

"वहीत काय होतं?"

"ठरलेला."

"हं..."

गाव कृष्णाकाठचं. तिथल्या राममंदिरात पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज सकाळी कीर्तन, आणि पेटीवर एकतीस वर्षं वामनराव सोहोनी. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. रेवती त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत संगीत शिकवते, विशारद, तेही पहिल्या वर्गात. वडिलांची जागा आपलीच, असं तिने धरूनच चाललं होतं. पाडव्याला ती ऐटीत जाऊन बसली, आणि कीर्तनकार केशवबुवा रोजची काळी एक सोडून अर्धा सूर खाली, पांढरी एकमध्ये उतरले. रेवतीने पेटीवर कागदाचे तुकडे डकवले होते, सा, रे, ग, म, सगळे काळी एकचे. ती पानं उलटत राहिली आणि पेटी गप्प झाली. तेव्हा बुवा ते वाक्य बोलले, आणि मंडप हसला.

देवळाच्या पंचांनी उरलेल्या दिवसांसाठी सांगलीचा वादक बोलावला. एवढंच म्हणाले की वामनरावांकडे बघून तुला नवमीला पुन्हा बसवू. जमलं तर जागा तुझी, नाही तर पुढच्या वर्षापासून सांगलीकर.

"नवमीला मी बसणार," रेवती म्हणाली. "आणि या वेळी हसू देणार नाही कुणाला. बाबा म्हणायचे, अडलं की दस्तगीरकडे जा. म्हणून आले."

चाचांनी हात पुढे केला. तिने वही दिली. त्यांनी सावकाश चार पानं चाळली.

"अक्षर मोत्यासारखं आहे."

"चाचा, वही उलटी धरलीय तुम्ही."

"असू दे. तरी मोत्यासारखंच दिसतंय."

यांना वाचता येत नाही, हे रेवतीने लहानपणी ऐकलं होतं आणि विसरून गेली होती. आता सात दिवसांत हा माणूस आपल्याला काय शिकवणार, असं तिच्या मनात आलंच. तोंडावरही दिसलं असावं, कारण चाचा मिशीत हसले.

"रामजन्माचं पान कुठलं?"

"शेवटचं. पाळण्याचं."

"फाडून दे."

"काय?"

"फाड."

बाबांच्या एका जुन्या कॅसेटवरून तिने तो पाळणा उतरवला होता. एकेक ओळ दहा-दहा वेळा मागे नेऊन. बाबा जिथे थांबले तिथे थांबण्याची खूण, जिथे सूर ओढला तिथे ओढल्याची खूण. त्यांच्या वाजवण्यातलं तिच्या हाती आलेलं तेवढंच होतं. तिने ते शिवणीपाशी धरून सावकाश फाडलं. चाचांनी पान घडी करून बंडीच्या खिशात टाकलं, मग ओलं फडकं घेऊन पेटीवरचे सा-रे-ग-म भिजवून एकेक करून सोलून काढले.

रेवतीने खाली पडलेले कागदाचे तुकडे गोळा केले.

"पेटी राहू दे इथंच. उद्या शाळा सुटली की ये."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पेटी दाराकडे तोंड करून मांडलेली होती. समोर, गल्लीपलीकडे, पिठाची गिरणी घरघरत होती.

"गिरणीचा सा कुठला?"

"गिरणीला कसला सा, चाचा?"

"ऐक..."

तिने ऐकलं. घरघरीच्या तळाशी खरोखरच एक सूर होता, लांबलचक, न संपणारा. चाचपडत तिने तो पेटीवर गाठला.

"आता याच्यावर वाजव."

"काय वाजवू?"

"तुला येईल ते. खाली बघू नकोस, गिरणीकडे बघ."

तिने भूप धरला. जरा कुठे हात बसतोय तोवर गिरणीवाल्याने ज्वारीचा डबा वर ओतला. पट्टा जड झाला, घरघर मंदावली, आणि सूर खाली घसरला. रेवतीचा भूप वर लोंबकळत राहिला.

"तो उतरला," चाचा म्हणाले. "तू का नाही उतरलीस?"

"सांगून तरी उतरावं त्याने."

"बुवा सांगून उतरले होते?"

रेवतीने भाता पुन्हा हलवला. आणि तेव्हाच तिला कळलं की मधली एक काळी पट्टी बोलत नाहीये. दाबली की नुसती फुस्स हवा.

"चाचा, ही मुकी झालीय. काल बरी होती."

"झाली असेल."

"मग दुरुस्त करा ना."

"आज सवड नाही. तिला वगळून वाजव."

दुसऱ्या दिवशीही सवड नव्हती. तिसऱ्याही नव्हती. गिरणीत कधी गहू यायचे, कधी बाजरी, कधी हरभऱ्याची डाळ, आणि प्रत्येक दळणाला सूर वेगळा. सूर सरकला की ती मुकी पट्टीही जागा बदलायची. आज ती मध्यम व्हायची, उद्या गंधार. रेवती नेमकी तिच्यावरच जाऊन पडायची, आणि फुस्स.

चौथ्या दिवशी तिचा संयम सुटला.

"तुमच्याकडे पेट्या दुरुस्त होतात की बिघडतात, चाचा?"

"दोन्ही."

"माझ्याकडे सात दिवस होते, त्यातले तीन या गिरणीत गेले. मला अलंकार सांगा, ताना सांगा, काहीतरी शिकवा. जागा जाईल माझी."

चाचांनी कानस खाली ठेवली.

"वामनराव पहिल्यांदा इथं आले तेव्हा त्यांना काय येत होतं, माहीत आहे?"

"काय?"

"काही नाही..." चाचा म्हणाले. "बस. गहू टाकतोय तो."

ती पाय आपटत निघून जाईल असं वाटलं होतं. नाही गेली. पदर खोचून बसली, आणि त्या दिवशी दिवेलागण होऊन गिरणी बंद पडेपर्यंत उठलीच नाही. सोहोनींच्या घरातला हा हट्ट गावाला माहीत आहे.

सहाव्या दिवशी गिरणीवाला डब्यामागून डबा ओतत होता आणि रेवती वाजवत होती. सूर घसरला, तिची बोटं घसरली. सूर चढला, तीही चढली. मुक्या पट्टीपाशी येताच बोट अलगद थांबलं, शेजारच्या सुराला टेकलं आणि वळसा घालून पुढे गेलं. तो वळसा कुठल्याच वहीत नव्हता. तो ऐकून रेवतीच्याच अंगावर काटा आला. बाबा असंच करायचे. ती शाळकरी असताना ते म्हणायचे, माझ्याशेजारी येऊन नुसती बस, आणि ती म्हणायची, बाबा, तुम्हाला नोटेशन तरी लिहिता येतं का? किती तोऱ्यात म्हणायची. आता ते आठवून तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने दळण संपेपर्यंत वाजवलं.

चाचांची कानस कधीच थांबली होती.

नवमीला सकाळी ती पेटी न्यायला आली. आल्या आल्या तिने ती पट्टी दाबून पाहिली. फुस्स.

"चाचा, आज तरी..."

"कीर्तनाला उशीर होतोय."

"भरल्या मंडपात मुकी पेटी घेऊन बसू?"

"पेटी कुठं मुकी आहे? एक पट्टी मुकी आहे."

"तुम्ही तरी या. दर वर्षी येता, नगारखान्याच्या पायरीवर बसता."

"आज नाही. मी आलो की तू माझ्याकडे बघशील."

रेवतीने पेटी उचलली. वही मात्र त्यांच्या बाकावर सोडली. टाकून दिल्यासारखी नव्हे, वाचून झालेलं पुस्तक ठेवतात तशी नीट.

मंडप गच्च भरला होता. सांगलीकर वादक पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. बुवांनी झांज वाजवली आणि सूर लावला तो ना काळी एक, ना पांढरी एक. त्यांचा घसा अजून आपल्याच मर्जीने चालत होता. रेवतीने डोळे बुवांच्या पाठीवर ठेवले. बुवा उतरले, ती उतरली. बुवांनी मध्येच एक अभंग टाकून दुसरा धरला, तिने दुसऱ्या ओळीला तो गाठला. तबलजीने एकदा तिच्याकडे चमकून पाहिलं. तिला पाहायला सवड नव्हती.

बाराला पाळणा हलला. गुलाल उडाला. बुवांनी पाळण्याला चाल लावली ती अगदीच नवी, आणि तिचं वळण बरोबर त्या मुक्या पट्टीवर. वळसा घालायला जागाच नव्हती.

रेवतीने बोट उचललं आणि ती जागा मोकळी सोडली.

मोकळ्या जागेत बुवांचा एकट्याचा सूर उभा राहिला. फाटका, बसलेला, पण असा की मंडप श्वास धरून ऐकत राहिला. बुवांनी वळून पाहिलं. पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा तिने तीच जागा सोडली. पाच वेळा घेतली त्यांनी ती ओळ.

सुंठवडा वाटताना बुवा तिच्यापाशी आले.

"सापडलं का पान?"

"नाही, बुवा."

बुवा खळखळून हसले. पंचांपैकी कुणीतरी तिला पुढच्या पाडव्याची तारीख सांगून गेलं.

उन्हातच ती पेटी घेऊन चाचांकडे आली. सुंठवड्याची पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

"जागा राहिली, चाचा."

चाचांनी पुडी कपाळाला लावली, चिमूटभर सुंठवडा तोंडात टाकला, हात पुसले. मग पेटी पुढे ओढली, वरची फळी काढली, आणि मुक्या पट्टीखालच्या भोकात खोचलेली कागदाची घडी चिमटीत धरून बाहेर काढली.

पट्टी दाबली. स्वच्छ बोलली.

रेवती पाहतच राहिली. चाचांनी घडी उलगडली. तिचंच अक्षर होतं. पाळण्याचं पान, बाबा जिथे थांबले तिथल्या खुणांसकट.

"तुम्ही... तुम्हीच कोंबलं होतं हे? का चाचा?"

चाचांनी पान गुडघ्यावर ठेवून सुरकुत्या सरळ केल्या. एकदा असं धरलं, एकदा तसं, आणि अंदाजाने सुलटं करून तिच्यापुढे धरलं.

"घे," ते म्हणाले. "आता वाच."