सासूचं बारसं

माणदेशातल्या वाघरवाडीत बारशाला गेलात, तर पहिल्या कुर्र्ला उठू नका. बाळाच्या कानात नाव सांगून झालं, आत्याच्या पाठीत धपाटे बसले, की परगावचे पाहुणे चपला शोधायला लागतात आणि गाववाले गालात हसतात. घरातलं पहिलं नातवंड असलं, तर अजून एक नाव ठेवायचं बाकी असतं. बाळाच्या आजीला पाटावर बसवतात. साठीची बाई, घरभर जिचा दरारा, ती नव्या नवरीसारखी मान खाली घालून बसते. मग सून वाकून तिच्या कानात एक नाव सांगते, आणि त्या घरची नातवंडं पुढे जन्मभर तिला त्याच नावानं हाक मारतात.

त्यामुळे वाघरवाडीत नुसती आजी एकाही घरात सापडत नाही. कुणाच्या घरी साय आहे, कुणाच्या घरी सावली. एका सुनेनं रागाच्या भरात ‘तोफ’ ठेवलं होतं, आणि त्या माउलीनंही चाळीस वर्षं त्या नावाला मोठ्या ऐटीत ओ दिली.

“बाकीच्या गावात सुना सासवास्नी नावं ठेवत्यात,” बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसलेले मसूअण्णा खरात पाहुण्यांना सांगतात. “आमच्यात एकच ठेवत्यात. पर इचार करून.”

आजोबांचं काय, असं कुणीतरी विचारतंच. आजोबा इथे सगळे आबाच. त्यांनी नाव कमवण्यासारखं काही केलंच नाही, असं अण्णांचं मत आहे, आणि तेही आबाच असल्यामुळे कुणी वाद घालत नाही.

ही रीत लखाबाईपासून सुरू झाली म्हणे. वाघरवाडी धनगरांची. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन तरणी माणसं घाट उतरून कोकणात जायची ती आषाढाच्या तोंडावर परतायची. म्हातारी माणसं तेवढी गावात राहायची. लखाबाई अशीच मागे राहिलेली. तिला एकुलता एक मुलगा, तायाप्पा. त्याची बायको सुंद्रा आणि त्यांची वर्षाची मुलगी बानू.

निघायच्या दिवशीच बानू तापानं फणफणली. पण मेंढरं काही कुणाच्या तापासाठी थांबत नाहीत. गावात चारा उरला नव्हता आणि बाईमाणसाशिवाय वाटेवरचा तळ चालत नाही. सुंद्राचा पाय उंबऱ्यातून निघेना. तेव्हा लखाबाईनं बानूला आपल्या घोंगडीत घेतलं आणि बिरोबाकडे हात करून बोलली, “द्येवाची आन हाय. ही पोर तिच्या आईच्या मांडीवर मी सुखरूप घालीन. तू जा.”

बानू बरी झाली. पण पुढच्या आषाढात पाऊस पडलाच नाही. परत निघालेली मेंढरं घाटावरूनच माघारी वळवावी लागली. आषाढात येणारी सुंद्रा त्या वर्षी आली नाही. दुसऱ्या आषाढात पाऊस झाला तेव्हा कुठे आली.

तोवर बानू बोलायला लागली होती, आणि लखाबाईला ती ‘आई’ म्हणत होती.

आता खरं बोलायचं तर लखाबाईला तिथेच सावरता आलं असतं. ‘मी तुझी आजी, तुझी आई कोकणात आहे,’ एवढंच सांगायचं होतं. पण तायाप्पाच्या पाठची तिची तीन लेकरं मातीत गेली होती. इतक्या वर्षांनी कोवळ्या तोंडून तो शब्द आला आणि तिला तो फार गोड लागला. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत दिवस गेले. एक गोष्ट मात्र तिनं नेमानं केली. रोज जेवताना पहिल्या भाकरीचा एक तुकडा काढून ती उतरंडीवर ठेवायची आणि बानूला म्हणायची, “ह्यो सुंद्राचा.” सुंद्रा कोण, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. तिथं तिची जीभ अडायची.

सुंद्रा आली ती धावतच आली. बानू लखाबाईच्या पदराआड शिरली आणि म्हणाली, “आई, ही बाई कोण?”

सुंद्रा रडली नाही, भांडलीही नाही. मेंढरं कोंडायला निघून गेली. लखाबाईला शिव्या परवडल्या असत्या. देवाला दिलेला शब्द अर्धाच राहिला होता. पोर सुखरूप होती, पण आईच्या मांडीवर जात नव्हती. बळेच बसवली, तर किंचाळून उठायची.

कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर धनगर पहिल्या मेंढीला लांब नेतात. जोवर तिचा आवाज येतोय, तोवर कोकरू दुसरीला जवळ करत नाही. लखाबाईनं जन्मभर हे केलं होतं. तिनं आपली घोंगडी, बानूला जिच्या वासाशिवाय झोप येत नसे ती, सुंद्राच्या अंगावर घातली. म्हणाली, “पोरगी इसरली की निरोप धाड. तवर मला बोलवू नगंस.” आणि ती टेकावरच्या याच बिरोबाच्या देवळात येऊन राहिली.

पण लेकरू म्हणजे कोकरू नव्हे. पहिले दिवस बानूनं नुसता आकांत मांडला. तिची हाक टेकावर ऐकू यायची. लखाबाई उठायची, पायरीपर्यंत यायची, खांबाला धरून माघारी फिरायची. शेवटी तिनं लोकरीचे बोळे करून दोन्ही कानांत घातले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तिकडे बानू घोंगडीत झोपायची, पण सुंद्राकडे पाठ करून. असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी जेवताना तिनं आपणहून भाकरीचा तुकडा मोडला आणि उतरंडीवर ठेवला. सुंद्रानं विचारलं, “कुणाचा गं त्यो?”

“सुंद्राचा,” बानू म्हणाली. “ती कोकणात असती. तिला भूक लागती.”

सुंद्राच्या हातातला घास तिथेच राहिला. पावणेदोन वर्षं या घरात आपलं पान रोज वाढलं जात होतं, हे तिला तेव्हा कळलं. “मीच सुंद्रा,” ती म्हणाली. बानूनं उतरंडीवरून तुकडा काढून तिच्या हातात दिला आणि ती खाते की नाही हे नीट बघायला तिच्या मांडीवरच बसली.

एकविसाव्या दिवशी सुंद्रा बानूला कडेवर घेऊन टेक चढली. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा लखाबाई वळली. बानूचे हात सुंद्राच्या गळ्यात होते. देवाला दिलेला शब्द पुरा झाला होता. ज्यासाठी ती इथे येऊन बसली होती ते झालं, आणि तरी म्हातारीनं पुढे झालेले हात पदराखाली घेतले.

बानूनं तिला ओळखलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आई आता सुंद्रा होती. मग या बाईला काय म्हणायचं?

“ऱ्हाऊ दे,” लखाबाई म्हणाली. “मला कायबी म्हनलं तरी चालंल. न्हाय म्हनलं तरी चालंल.”

सुंद्रानं पोरीला खाली ठेवलं. सासूच्या कानातला लोकरीचा बोळा आपल्या हातानं काढला आणि त्या कानात एक नाव सांगितलं. लखाबाई नको नको म्हणून मान हलवायला लागली. “आत्याबाई, खोटं न्हाय त्ये,” सुंद्रा म्हणाली, आणि तेच नाव तिनं बानूला सांगितलं.

“पयली,” बानूनं हाक मारली.

पहिली आई, ती पयली. लखाबाई पुढे अकरा वर्षं जगली आणि ते नाव नंतर गावात कुणालाच दिलं गेलं नाही, असं सांगतात.

आजही बारशाला सासू कानात लोकरीचा बोळा घालून बसते. सून तो आपल्या हातानं काढते. कुणी चटकन काढते, कुणाची बोटं तिथेच थबकतात. दोघींमध्ये जे काही झालं असेल ते तेवढ्या वेळात मिटायचं असतं, म्हणून कुणी घाई करत नाही.

अण्णांची सून पुण्याला असते. सासूशी तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. यंदा बारशाला आली, बोळ्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली, मग वाकली. त्या दिवसापासून म्हातारी चुलीपुढे एकटीच हसते, असं अण्णा सांगतात.

नाव काय ठेवलं, हे पाहुणे विचारतातच.

“मला कुटं ठावं? कानात सांगत्यात त्ये. आमास्नी पोराच्या तोंडूनच कळायचं,” अण्णा म्हणतात. “नात आठ म्हैन्यांची हाय. बसलोय वाट बघत.”