फुकट्या फुलांतली परी

डोंगराच्या कुशीत, जिथे गाडीवाट दमते आणि पाऊलवाट होऊन पुढे जाते, तिथे सगुणा नावाची एक चिमुरडी आईबरोबर राहायची. घर एवढंसं, दार त्याहून एवढंसं. आई गोधड्या शिवायची. निळ्या, जांभळ्या, गुलाबी चिंध्यांच्या त्या गोधड्या इतक्या देखण्या असायच्या, की त्यांच्यावर पाय ठेवायलाही जीव होऊ नये.

पण त्या वर्षी आईच्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे! दिवसा बारीक सुई ओवणारी आई, सूर्य मावळला की भिंतीला धरून चाचपडायची. एका संध्याकाळी तर तिने तापल्या तव्यावरच हात टेकला. सगुणाने तिचा हात गार पाण्यात धरला, आणि आईला दिसत नाही म्हणून मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा आले. ते म्हणाले, "सगुणाबाई, याचं औषध माझ्या बटव्यात नाही, मातीत आहे. हिरवागार पाला आणि तांबडा भोपळा आईच्या पोटात रोज जायला हवा. नाहीतर हळूहळू दिवसाचंही दिसेनासं होईल."

भोपळा म्हटल्यावर नाक मुरडलंत ना? मला दिसलं. पण सगुणाने नाक मुरडलं नाही. तिने खुरपं उचललं आणि ती घरामागच्या परसात गेली. परस कसला, दगडांचं माहेरघर! आठ दिवस ती दगड वेचत होती. रस्त्यावरचं शेण गोळा करून तिने पालापाचोळ्याखाली मुरत ठेवलं, कारण कच्च्या शेणाने कोवळी मुळं पोळतात. तांदळाचं धुवण, भाज्यांची सालं, चुलीतली राख, काही म्हणून वाया गेलं नाही. खणताना एखादं गांडूळ उघडं पडलं, तर ती म्हणायची, "चुकले हं, गांडूळदादा," आणि त्याला ओल्या मातीचं पांघरूण घालायची.

अशा मुलीला माती नाही म्हणेल का? लाल माठ लालेलाल झाला. अंबाडीने हाताच्या पंज्यासारखी पानं पसरली. शेवगा तर दिसामासी वाढला. आणि या सगळ्यांवरून भोपळ्याचा वेल असा ऐटीत निघाला, की कुंपण चढून पलीकडे डोकावू लागला. वेलावर फुलं आली. मोठी, पिवळीधमक, सोन्याच्या कर्ण्यासारखी!

कुंपणापलीकडे द्वारकाकाकू राहायच्या. एकट्याच असत. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, फुलांना भुलू नकोस. लांब दांड्याची, खाली गोळा नसलेली ही फुलं नुसती फुकटी. खातात, पितात आणि गळून पडतात. तोड आणि भजी कर!"

सगुणाने खरोखरच भज्यांसाठी टोपली घेतली. दुपार कलली होती, फुलं मिटून गेली होती. एका मिटल्या फुलातून गुणगुण ऐकू आली. आत मधमाशी अडकली असेल, असं वाटून सगुणाने भज्यांचा मोह बाजूला ठेवला आणि पाकळ्या अलगद उलगडल्या.

आत मधमाशी नव्हती. आत बोटभर उंचीची परी होती! पिवळा झगा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे झुळझुळीत पंख, आणि गालांवर, नाकावर, केसांत चमचमणारं सोनेरी पीठ. तिला एक मोठ्ठी शिंक आली आणि पीठ सगळीकडे उडालं.

"आभारी आहे गं," परी म्हणाली. "मी परसपरी. पडल्या पडल्या डोळा लागला आणि घराचं दार मिटलं. तू मला मोकळं केलंस, तेव्हा तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम ऐक. हाताला माती लागलेली असेल, तेव्हाच मागायचं. बागेत जे उगवतं, फुलतं आणि रांगतं, त्याबद्दलच मागायचं."

"माझ्या आईचे डोळे...?"

"नाही गं राणी. माणसांची दुखणी माझ्या हाती नाहीत." परीचा आवाज हळवा झाला. "आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही."

सगुणाने मातीने माखलेले आपले हात पाहिले. तीन आठवडे वेलावर फुलंच फुलं, आणि भोपळा एकही नाही. तिला राहवेना.

"परीताई, ही फुकटी फुलं नकोत. माझ्या वेलावर सगळी फुलं भोपळ्याचीच येऊ देत!"

परीचा चेहरा एकदम उतरला. "थोडं थांबतेस का? आधी ही फुलं येतात, मागून भोपळा धरणारी. पी हळद नि हो गोरी, असं बागेत नसतं."

"आईला थांबायला वेळ नाही," सगुणा म्हणाली.

परीने हात हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, प्रत्येक फुलाखाली सुपारीएवढा हिरवा, गुळगुळीत, गोंडस बाळभोपळा! सगुणा टाळ्या पिटत नाचली. तिने मोजले, एकवीस होते. पण चार दिवसांनी पहिला पिवळा पडला. मग दुसरा, मग तिसरा. एकेक करून सगळे मऊ पडले आणि टपटप गळले.

शेवग्याच्या पानावर परी अंग चोरून बसली होती. तिच्या पंखांवरची चमक कमी झाली होती.

"माझं घर गेलं गं," ती म्हणाली. "त्या फुकट्या फुलांत मी राहायचे. त्यांतलं सोनेरी पीठ या फुलांना लागल्याशिवाय भोपळा धरत नाही. आता तुझ्या वेलावर ती फुलं कधीच येणार नाहीत."

सगुणाला रडू आवरेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! आपल्या घाईने आईचा भोपळाही गेला आणि परीचं घरही. ती म्हणाली, "मला माफ कर, परीताई. पण अजून एक इच्छा आहे ना? पिठाशिवायही भोपळे धरू देत, असं मागितलं तर?"

"धरतील," परी म्हणाली. "माग."

सगुणाने मातीत हात घातले. तोंड उघडलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून हुंदका आला.

ती टाचा उंचावून पाहू लागली. द्वारकाकाकू आपल्या भोपळ्याच्या मांडवाखाली बसून रडत होत्या. त्यांच्या वेलांची पानं आक्रसली होती आणि त्यांच्यावर काळा, चिकट मावा नुसता बुजबुजला होता. काकूंनी बाजारातून कीड मारायची पांढरी पूड आणून भरपूर धुरळली होती. त्या पुडीने मधमाश्या पळाल्या, चांगले किडे मेले, आणि मावा मात्र दुप्पट होऊन परत आला.

"या मांडवावरच माझं पोट आहे गं पोरी," काकू म्हणाल्या. "आता वर्षभर मी काय खाऊ?"

सगुणाने आपल्या वेलाकडे पाहिलं, मग काकूंकडे. घरात आईची सुई थांबल्याचं तिला कळत होतं, कारण ऊन उतरणीला लागलं होतं. पण समोरचं माणूस रडत असताना आपलंच मागायचं कसं? ते तिला जमलं नाही. मला तर ही मुलगी इथे इतकी आवडते, की काय सांगू!

"परीताई," ती घाईघाईने म्हणाली, मन बदलायच्या आत, "काकूंच्या मांडवावर ढालकिडे येऊ देत. माझ्या माठावर ते मावा मटामटा खाताना मी पाहिलेत."

आणि आले! लाल पाठीवर काळे ठिपके मिरवत इवले इवले ढालकिडे शेकड्यांनी उतरले. मांडवावर जणू लाल मणी सांडले. काकूंचे डोळे विस्फारले. त्यांनी उरलेली पूड दूर खड्ड्यात पुरून टाकली आणि कान धरले.

सगुणाच्या दोन्ही इच्छा संपल्या होत्या. रोज ती आईला माठाची, अंबाडीची, शेवग्याची भाजी घालत होती, आणि वेलावर नवे बाळभोपळे येऊन गळत होते.

पंधरा दिवसांनी एका सकाळी कुंपणावर टकटक झाली. काकू उभ्या होत्या. हातात लांब दांड्याचं, पिवळंधमक, ताजं फूल!

"माझा वेल जगला, आणि याच फुलांनी भरलाय," काकू ओशाळून म्हणाल्या. "मीच यांना फुकटी म्हणत होते. मधमाश्या अजून रुसल्यात बाई. तुझ्या वेलावर यातलं एकही दिसलं नाही. तुझ्या कामाचं आहे का हे?"

कामाचं? सगुणाने काकूंना मिठीच मारली. मग तिने त्या फुलाच्या पाकळ्या सोलल्या, आणि मधला पिवळा तुरा आपल्या वेलाच्या उमललेल्या फुलांना हळूहळू, एकेक करून, लावला. रोज सकाळी काकू फूल आणायच्या, रोज सकाळी सगुणा पीठ लावायची. पाचव्या दिवशी एक बाळभोपळा पिवळा पडला नाही. तो फुगला. मग त्याच्याशेजारचाही फुगला.

दीड महिन्याने पहिला तांबडा भोपळा चिरला. आतून केशरी उजेडच फुटला! मग रोज भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे, भोपळ्याचं भरीत. संध्याकाळी सगुणा आईसमोर बोटं धरायची. "किती गं?" आई हसून म्हणायची, "तीन?" आणि बोटं असायची पाच. सगुणा हात खाली घ्यायची.

असाच एक दिवस मावळला. सगुणा परसात होती. काकूंच्या मांडवावरून परसपरी उडत आली. तिचा झगा पुन्हा सोन्यासारखा झळकत होता.

"मला घर मिळालं, सगुणे. तुझ्याच इच्छेने वाचलेल्या वेलावर," ती म्हणाली. "आता फुलांचा हंगाम संपला, मला निघायला हवं. जाताना एक देते, न मागता. तुझ्या हाताने पेरलेलं बी कधी वाया जायचं नाही."

"परत येशील ना?"

परीने सगुणाच्या नाकाला सोनेरी बोट लावलं. मग ती गिरकी घेत वर गेली. तिच्याभोवती उजेडाचे कण भिरभिरले, पिवळे, केशरी, पांढरे. परस क्षणभर लखलखला आणि परी त्या उजेडात विरघळून गेली. पुन्हा करडा अंधार झाला.

मागच्या दारात पावलं वाजली. भिंतीला न धरता आई उभी होती.

"सगू," तिने विचारलं, "ती पिवळ्या झग्यातली इवलीशी कोण गं होती? आणि तुझ्या नाकाला हे काय लागलंय?"

घरात दिवा अजून लागायचाच होता.