मंजी खारीची पहाटेची घसरगुंडी

माणसांनी जत्रा भरवायच्याही आधीची गोष्ट. रानात हत्ती आपल्या पाठीची घसरगुंडी करायचा. घसरलं की थेट डोहात! एका फेरीला दोन शेंगा.

मंजी खारीकडे दोनच शेंगा होत्या आणि रांग नदीच्या वळणापर्यंत गेलेली. पुढे उभा असलेला कोल्हा कुजबुजला, "दोन शेंगा दे, माझी जागा घे."

"मग घसरायला काय देऊ?" म्हणत ती हत्तीकडे गेली. "दादा, गर्दी कधी नसते?"

"उजाडताना. तेव्हा एकटाच कंटाळतो मी. एका शेंगेत हव्या तितक्या फेऱ्या मार."

उजाडताच मंजी घसरली, बुडाली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. तिच्या खिदळण्याने सगळं रान जागं होऊन धावत आलं.

एकेकच शेंग घेऊन आलेल्या वाढत्या रांगेकडे बघत हत्ती पुटपुटला, "उद्या जरा हळू हस, बाई."