प्रतिपक्षाचे आसन

एकदा एक वृद्ध आचार्य डोंगरावरील आपल्या वेधशाळेत वादसभा भरवणार होते. दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत आणि त्यांचा वेग मंदावण्याऐवजी वाढतोच आहे, हे वेधांवरून ठरले होते. प्रश्न होता, का? ज्याचे म्हणणे सभेला पटेल, त्याला नवी मोठी दुर्बीण वर्षभर वापरायला मिळणार होती.

वागीश नावाच्या शिष्याने त्या दुर्बिणीसाठी तीन वर्षे जिवाचे रान केले होते. त्याच्या मते रिकाम्या अवकाशालाच स्वतःची ऊर्जा असते आणि तीच विश्वाला ताणत नेते. त्याची सहाध्यायी हेमांगी म्हणे, ऊर्जाबिर्जा काही नाही. अतिदूर अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलत असावा. वागीश हे हसण्यावारी नेई. तिचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याचे कष्ट मात्र त्याने कधी घेतले नाहीत.

सभा भरली आणि आचार्यांनी दोघांची आसने बदलली. "वागीश, तू हेमांगीची बाजू मांड. हेमांगी, तू त्याची."

वागीशच्या तोंडचे पाणी पळाले. "गुरुजी, मग माझी दुर्बीण गेलीच की!"

"आधी बोल तर खरा."

आता स्वतःच्याच मतातली उणीव काढणे भाग होते. ती त्याला चांगलीच ठाऊक होती. गणिताने येणारी अवकाशाची ऊर्जा वेधांत दिसते त्याहून अफाट जास्त निघते. तीन वर्षे झाकलेली गोष्ट त्याने भर सभेत सांगून टाकली.

हेमांगी उठली. तिनेही त्याची बाजू मनापासून लढवली. "ती ऊर्जा कायम तेवढीच असेल कशावरून? काळानुसार बदलतही असेल."

वागीश थबकला, आणि एकदम ओरडला, "थांब! ऊर्जा अशी बदलू शकत असेल, तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग तुझ्याही मताने जुळवता येतो, माझ्याही. पण गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलत असेल, तर दीर्घिकांचे समूह जमण्याची गतीही वेगळी दिसेल. ती मोजता येईल!"

सभा टाळ्या वाजवत उभी राहिली.

आचार्य म्हणाले, "आपल्या आसनावर बसून माणूस आपले मत राखतो. दुसऱ्याच्या आसनावर राखण्यासारखे काही नसते, म्हणून तिथे तो शोधू लागतो. वेग का वाढतो, हे अजून सापडलेले नाही. पण ते ओळखण्याची खूण सापडली. दुर्बीण दोघांची."

वागीशचे डोळे भरून आले होते. "हेमांगी, माझे मत खोटे ठरले तरी चालेल," तो म्हणाला. "आता आपल्याला कळणार!"